सात घासांतला एक घास : अर्थमंत्र्यांना एका ट्रेलर ड्रायव्हरचं खुलं पत्र

20 सप्टेंबर 2025
मुक्काम : गाडीची केबिन, राष्ट्रीय महामार्ग 48, कागलच्या अलीकडे

माननीय केंद्रीय अर्थमंत्री महोदया,

स.न.वि.वि.

आपण कामात असाल याची कल्पना आहे, तरी पाच मिनिटं मागतो. मी 24 वर्षं गाडी चालवतोय. गेली 9 वर्षं पुलरवर आहे, म्हणजे पवनचक्कीची पाती आणि असलीच अवजड, लांबलचक धुडं आम्ही देशभर पोचवतो. अपघाताची एकही नोंद नाही, कर बुडवल्याची तर नाहीच. हे पत्र मी फोनवर बोललो आणि मुलीने लिहून काढलं. शिव्या तिने गाळल्या आहेत, त्यामुळे काही वाक्यं मध्येच तुटल्यासारखी वाटली तर समजून घ्यावं.

पत्राचं कारण परवाचं आहे. माझ्या पगाराच्या कागदावर तीन ओळी असतात. मूळ पगार 27,000, ट्रिप भत्ता 26,000 आणि खुराकी 15,000. ट्रिप भत्ता किलोमीटरवर असतो, तो माझ्या कष्टाचा आहे, त्यावर कर लावा, माझं काही म्हणणं नाही. खुराकी म्हणजे लाइनवर असताना खाण्यापिण्याचे दिवसाला 600 रुपये, महिन्याचे साधारण 25 दिवस. वर्षाचे 1,80,000. हे पैसे माझ्या घरी कधीच येत नाहीत. हायवेवर मिळतात आणि हायवेवरच संपतात.

2024-25 च्या फॉर्म 16 वर, म्हणजे कंपनी देते त्या पगाराच्या आणि कापलेल्या कराच्या दाखल्यावर, या तिन्ही ओळींची बेरीज झाली 8,16,000. नवी करपद्धत लावलेली, म्हणजे दर कमी पण बहुतेक सवलती नाहीत, 75,000 ची वजावट धरून उरले 7,41,000, आणि त्यावर सेससकट 25,064 रुपये कर. आता गंमत बघा. याच कागदावरून माझं जेवण पुसून टाकलं, तर उत्पन्न उरतं 6,36,000. 7 लाखांच्या आतल्यांना त्या वर्षी रिबेट होता, म्हणजे सगळा कर माफ, कर शून्य. मी कर भरला तो पगारावर नाही, जेवणावर भरला. 1,80,000 च्या जेवणावर 25,064. मुलीने भागाकार करून दाखवला : दर सात घासांमागे एक घास सरकारचा.

उद्या सर्वपित्री अमावस्या. घरोघरी कावळ्यासाठी घास काढून ठेवतील. कावळा निदान वर्षातून एकदा येतो.

तुम्ही म्हणाल, जुनी पद्धत निवडायची होती. बरोबर आहे. आमचे कर सल्लागारही तेच म्हणाले. जुन्या पद्धतीत वाहतुकीतल्या कामगाराच्या अशा भत्त्याला 70 टक्के सूट होती, महिन्याला 10,000 पर्यंत. ती धरली, तिथली 50,000 ची ठरलेली वजावट धरली, पीएफ, विमा आणि व्यवसाय कर मिळून 1,47,500 धरले, तर माझा कर शून्य होत होता. पण विवरणपत्र मुदतीत भरलं तरच जुनी पद्धत निवडता येते. मुदत होती 15 सप्टेंबर, ती त्या रात्री उशिरा एका दिवसाने वाढली. 16 च्या रात्री सल्लागार मला फोन लावत होते, त्यांना ओटीपी हवा होता. फोन होता केबिनमध्ये आणि मी होतो खाली रस्त्यावर, पात्याच्या शेपटापाशी, टॉर्च घेऊन, कारण वळणावर शेपूट विजेच्या तारांना लागतंय का हे बघायला मागे माणूस लागतो आणि आमचा हेल्पर तापाने फणफणला होता. ड्रायव्हिंग दुसऱ्याकडे दिलं होतं. सकाळी बघितलं तर 11 मिस्ड कॉल.

18 तारखेला विवरणपत्र भरलं. जुनी पद्धत गेली. वर उशिराचे 5,000.

कंपनीची चूक नाही का? आहे. वर्षाच्या सुरुवातीला जुनी की नवी असं विचारलं होतं म्हणे, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, इंग्रजीत. उत्तर दिलं नाही तर नवी. त्या ग्रुपवर दिवसाला दोनशे मेसेज येतात, त्यातले निम्मे गुड मॉर्निंगचे असतात.

पण माझं भांडण 25,000 साठी नाही, खरंच नाही. भांडण त्या सल्लागारांनी पुढे जे वाचून दाखवलं त्यावरून आहे. नव्या पद्धतीत सगळे भत्ते गेले असं मी समजून होतो. तसं नाही. दौऱ्यावर गेलेल्या माणसाचा रोजचा भत्ता नव्या पद्धतीतही करमुक्त आहे, कारण तो आपल्या नेहमीच्या कामाच्या जागेपासून लांब असतो. साहेब दिल्लीहून मुंबईला आले, हॉटेलात उतरले, जेवले, ते त्यांचं उत्पन्न नाही. योग्यच आहे, उपाशी कसे राहतील? मग मी विचारलं, मी तर महिन्यातले 25 दिवस बाहेर असतो, माझं काय? त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, तुमचं वेगळं आहे. तुमची नेहमीची कामाची जागा म्हणजे गाडी. तुम्ही दौऱ्यावर जात नाही, तुम्ही कामाच्या जागीच असता. तुमच्यासाठी ती 70 टक्क्यांची वेगळी ओळ होती, ती नव्या पद्धतीत नाही.

महोदया, ते वाक्य डोक्यातून जात नाही. गुजरातेतून निघालो, महाराष्ट्र ओलांडून आता कर्नाटकात शिरेन, आणि तुमच्या कायद्याच्या दृष्टीने मी अजून घरातून निघालोच नाही! गोगलगायीसारखं घर पाठीवर घेऊन हिंडतोय. आमचं गाव साताऱ्याच्या पुढे, या हायवेपासून 12 किलोमीटरवर. परवा पहाटे त्या फाट्यावरून गेलो. एवढं लांब धूड मध्येच थांबवता येत नाही, पुढे-मागे पायलट गाड्या असतात. हॉर्न दिला आणि पुढे गेलो. आई वारली तेव्हा मी झारखंडात होतो, तिसऱ्या दिवशी पोचलो. तेव्हाही मी कामाच्या जागीच होतो म्हणायचं.

आता 600 रुपयांत आम्ही काय मेजवान्या झोडतो तेही ऐका. सकाळी चहा-पोहे, दुपारी थाळी, रात्री थाळी, मध्ये दोन-तीन चहा, कारण झोप आली तर तुमच्याच महामार्गावर माणसं मरतील. पाणी विकत. अंघोळीचे पैसे, संडासचे पैसे. बऱ्याच ढाब्यांवर बिल मागितलं तर हसतात. आतड्याचं दुखणं आमच्या धंद्यात इतकं नेहमीचं आहे की त्याची सुट्टीसुद्धा कोणी मागत नाही. माझं पित्ताचं औषध चालू आहे, साखर सुरू झालीय, गुडघ्याचं तर सांगतच नाही. घरची भाकरी मिळत असती तर तुमच्या सातव्या घासाचा प्रश्नच नव्हता.

त्या 10,000 च्या मर्यादेचंही सांगून टाकतो. ती 1 सप्टेंबर 2008 ला लागली. त्याआधी 6,000 होती. 2008 साली मी 40 रुपयांत दोन भाज्यांचं जेवण जेवायचो, पोट भरून, वर कांदा फुकट. आज 40 रुपयांत पाण्याच्या दोन बाटल्या येतात. त्याच 2008 साली खासदारांचा पगार महिना 16,000 होता. 2010 मध्ये 50,000 झाला, 2018 मध्ये 1,00,000, आणि यंदा मार्चमध्ये जाहीर झालं की 1 एप्रिल 2023 पासून 1,24,000. मागच्या तारखेपासून! दैनिक भत्ता 2,000 चा 2,500 झाला. जुन्या पद्धतीत त्यांचा तो भत्ता करमुक्त आहे, 70 टक्के वगैरे भानगड नाही. नव्या पद्धतीत त्यांनाही ती सूट नाही असं कळतं, तेवढं खरं ते बोललं पाहिजे. पण महागाई खासदारांच्या ताटापर्यंत पोचते आणि ड्रायव्हरच्या ताटापर्यंत 17 वर्षांत पोचत नाही, हे कसं काय? आमच्या ताटाला काय उलट हवा लागते?

आणि परवापासून, म्हणजे सोमवारपासून, नवे जीएसटी दर लागणार. पाकिटातल्या चपातीवर, पराठ्यावर शून्य टक्के. वाचून आनंद झाला. चपाती पाकिटात असेपर्यंत करमुक्त आहे, ड्रायव्हरच्या पोटात गेली की करपात्र.

मला माहितीय तुमचं उत्तर. यंदापासून 12 लाखांपर्यंत कर नाही, मग ओरड कसली? ऐका. मुलीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष आहे. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलींची फी 100 टक्के माफ केली. आम्ही बसतो त्या वर्गाला ती लागू आहे, मुख्य अट, घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत. पहिल्या वर्षी आम्ही आत होतो, पेढे वाटले. यंदा दाखल्यासाठी फॉर्म 16 दाखवला. 8,16,000. खिडकीवरचा माणूस चांगला होता, दोनदा बघितलं त्याने, म्हणाला, काका, 16,000 ने गेलं. मी म्हटलं, यातले 1,80,000 मी ढाब्यावर खाल्लेत. तो म्हणाला, खाल्लेत ना, मग उत्पन्नच झालं.

म्हणजे कर माफ केलात तरी कागदावर माझी डाळ-रोटी उत्पन्न म्हणूनच छापली जाणार, आणि जिथे जिथे उत्पन्नाची अट असेल तिथे तिथे आडवी येणार. फीचा विषय राज्याचा आहे असं सांगू नका. राज्य मोजतं ते तुमच्याच कागदावरून. निदान त्या कागदावर सूट म्हणून वेगळी ओळ असती तर खिडकीवर बोट ठेवायला जागा होती. मुलगी इथे लिहायची थांबली होती. म्हणाली, पप्पा, हे नको टाकूया, लोकांना वाटेल आपण फुकट मागतोय. मी म्हटलं, टाक.

माझ्याबरोबर पूर्वी एक पंजाबी दोस्त होता, त्याचा मेहुणा कॅनडात ट्रेलर चालवतो. तिथे लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला बाहेरच्या जेवणखर्चाच्या 80 टक्के वजावट मिळते, वाहतुकीतल्या बाकीच्या नोकरदारांना 50 टक्के. त्यातही बिलं जपायची गरज नाही, फेऱ्यांची नोंदवही ठेवली की एका जेवणाला 23 डॉलर धरतात. कोण किती तास, किती लांब घराबाहेर होता त्यावरून ठरतं. घराबाहेर! त्या देशाला कळलं की ड्रायव्हरलाही घर असतं. आपल्याकडे तर फास्टॅग आहे, ई-वे बिल आहे, गाडीत जीपीएस आहे. मी कुठल्या रात्री कुठल्या टोलनाक्यावर होतो हे सरकारला माझ्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक आहे. टोल कापताना मी घराबाहेर असतो, कर कापताना घरात?

तेव्हा मागणी एवढीच की ड्रायव्हरची कामाची मूळ जागा कंपनीचा डेपो धरा आणि तिथून बाहेर काढलेल्या दिवसांची खुराकी नव्या पद्धतीतही वगळा. मर्यादा आजच्या भावाने लावा. बिलं मागू नका.

बाकी काय मागायचं? मागून मिळालेलं काय आहे? 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला 8 तास लिहिले होते. कोणत्या ड्रायव्हरने 8 तासांत स्टेअरिंग सोडलंय, एक दाखवा. फेब्रुवारी 2024 मध्ये खुद्द पंतप्रधानांनी सांगितलं होतं, महामार्गांवर पहिल्या टप्प्यात 1,000 विश्रामगृहं बांधणार, जेवण, पाणी, स्वच्छतागृह, पार्किंग. कुठे झाली असतील तर चांगलंच आहे, या फेरीत मला एक दिसलं नाही आणि मी ताशी 20 ने चाललोय, नजरेतून सुटायचा प्रश्न नाही. पुढच्या महिन्यापासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा, बरं झालं. जुन्या गाड्यांतले आम्ही भाजून निघालोच आहोत. आणि अपघातात माणूस मेला आणि ड्रायव्हर न कळवता पळाला तर 10 वर्षांपर्यंत कैद असं कलम लिहिताना एका ड्रायव्हरला विचारलं होतं? जानेवारी 2024 मध्ये दोन दिवस चाकं थांबली, मनमाडचे टँकर थांबले, पेट्रोलपंपावर रांगा लागल्या, तेव्हा सगळ्यांना आम्ही आठवलो. कलम थांबलं. 2021 मध्ये ऑक्सिजनचे टँकर पळवले तेव्हा योद्धे होतो. त्यानंतर परत भिकारडे, दारुडे, बाजूला घे रे गाडी. नाक्यावर उभा असलेला माणूस एंट्री, म्हणजे चिरीमिरी, मागतो, त्याची पावती नसते, ती तुमच्या कुठल्या कलमात बसते? ती वजा होते का माझ्या उत्पन्नातून? हात पुढे करणाऱ्याच्या फॉर्म 16 वर ती छापता का?

मुलगी म्हणते पप्पा, आता पुरे.

पायलट गाडीवाले शिट्टी मारतायत, रात्रीची परवानगी आली वाटतं. मुलीच्या फीच्या दुसऱ्या हप्त्याची तारीख 30 सप्टेंबर आहे, त्यासाठी गावातल्या पतसंस्थेत अर्ज दिलाय. आपलं उत्तर आलं तर ते घरच्या पत्त्यावर पाठवू नये, मी तिथे नसतो. गाडीच्या नंबरवर पाठवा. तुमच्या कायद्यानुसार मी तिथेच राहतो.

आपला,
एक ट्रेलर ड्रायव्हर