कुत्र्याचे पिल्लू मे महिन्यात आणू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की गोव्यातील अनेक घरांत कुत्रा पाळण्याचा विषय निघतो आणि सुट्टीत सगळे घरी असतात म्हणून मे महिन्यात पिल्लू आणले जाते. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबाला हा काळ सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र गोव्याच्या हवामानाचा आणि आपल्या सणावारांचा विचार केला, तर वर्षातला हाच काळ त्यासाठी सर्वांत अयोग्य ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागची कारणे वाचकांपुढे यावीत, यासाठी हा पत्रप्रपंच.

पिल्लू किमान ८ आठवडे आईजवळ राहावे, असे पशुवैद्य सांगतात. साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात डिस्टेंपर, पार्व्हो इत्यादी रोगांवरील लसीचा पहिला डोस दिला जातो आणि पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत चालू राहतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास मिळते. आता मेच्या मध्यावर ८ आठवड्यांचे पिल्लू घरी आले, तर त्याचे लसीकरण पूर्ण व्हायला जुलैचा मध्य उजाडतो आणि गोव्यात सर्वाधिक पाऊस जुलैमध्येच पडतो. म्हणजे ज्या आठवड्यांत त्याची प्रतिकारशक्ती अपुरी असते, नेमक्या त्याच आठवड्यांत अंगणात पाणी साचलेले असते, उंदीर आसऱ्यासाठी घराच्या कडेला आलेले असतात आणि त्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस माणसालाही सोडत नाही. पिल्लाला बाहेर नेऊन शी-शूची सवय लावण्याचे दिवसही हेच. चार दिवस संततधार लागली की घरातलेच वर्तमानपत्र अंथरले जाते, आणि एकदा लागलेली ती सवय मोडायला पुढे कितीतरी अधिक कष्ट पडतात.

त्यानंतर येते चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. तेव्हा हे पिल्लू पाचएक महिन्यांचे असते, दुधाचे दात पडून कायमचे येत असतात आणि चपला, खुर्चीचे पाय, गणपतीवर फळे-भाज्या बांधलेल्या माटोळीच्या दोऱ्या यांपैकी काहीच त्याच्या तावडीतून सुटत नाही. अशा वेळी कुटुंब मूळ घरी जाते, कोणी दीड दिवसासाठी, कोणी पाच वा सात दिवसांसाठी. शहरातल्या फ्लॅटमध्ये त्याला एकटे ठेवता येत नाही. मूळ घरी न्यावे, तर तिथे आधीच चार भावांची बिऱ्हाडे, लहान मुले, सोवळे-ओवळे आणि फटाके असतात. ‘शेजारी बघतील’ हे उत्तर ऐनवेळी देऊन भागत नाही, कारण शेजारीही आपल्या मूळ घरी गेलेले असतात. म्हणून पहिल्यांदा कुत्रा पाळू इच्छिणाऱ्याने पट्टा आणि वाडगा विकत घेण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: चवथीला याचे काय? ज्या घरात या प्रश्नाचे नावनिशीवार उत्तर मिळते, ते घर बऱ्यापैकी तयार आहे असे समजायला हरकत नाही.

गावठी कुत्र्यांची पिल्ले पावसाळा सरल्यावर, थंडीच्या सुमारास वाड्यावाड्यांवर दिसू लागतात. अशा वेळी जन्मलेले पिल्लू जानेवारीत घरी आणले, तर एप्रिलपर्यंत त्याचे लसीकरण आटोपते आणि कोरड्या हवेत त्याला बाहेर जायची सवय लागते. पाऊस सुरू होईपर्यंत ते सहा-सात महिन्यांचे, घराला सरावलेले जनावर झालेले असते. आपण मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो ते पावसाआधी, पाऊस सुरू झाल्यावर नव्हे; कुत्र्याच्या बाबतीतही हाच हिशेब ठेवावा.

कोणता कुत्रा निवडावा यावरही घराघरांत बरीच चर्चा होते आणि ती बहुधा छायाचित्रे पाहून होते. बर्फाळ प्रदेशातल्या, अंगावर दुहेरी केस असलेल्या हस्कीला गोव्याच्या दमट उकाड्यात ठेवणे मला तरी निर्दयपणाचे वाटते. चोवीस तास वातानुकूलन चालवू म्हणणाऱ्यांनी आमच्याकडे पावसात वीज किती वेळा जाते, हेही आठवावे. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींनाही उकाड्यात श्वास घेणे जड जाते. माझे मत विचाराल तर पहिला कुत्रा गावठीच असावा, कारण इथल्या हवापाण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला आहे. आसगाव, शिवोली, कुडचडे येथील प्राणी-आश्रयस्थानांतून अशी पिल्ले आणि प्रौढ कुत्रेही दत्तक मिळतात. नोकरीमुळे दिवसभर बाहेर असणाऱ्या जोडप्याने तर पिल्लाऐवजी दोन-तीन वर्षांचा शांत कुत्रा आणण्याचा विचार अवश्य करावा.

जातिवंत पिल्लू विकतच घ्यायचे असेल, तर केंद्र सरकारचे २०१७ चे श्वानपैदास व विक्रीविषयक नियम माहीत असू द्यावेत. पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असणे बंधनकारक आहे आणि ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे. पिल्लू त्याच्या आईसह पाहण्याचा आग्रह धरावा. लसीचे कार्ड हाती आले की ते उघडून नीट वाचावे. लसीच्या कुपीवरचे लेबल सोलून त्यावर चिकटवलेले असते आणि त्यावर बॅच क्रमांक व मुदत छापलेली असते. शेजारी लस दिल्याची तारीख, पुढच्या डोसची तारीख आणि पशुवैद्याची सही व शिक्का हवा. नुसत्या पेनाने ‘लस दिली’ असे लिहिलेले कार्ड कोणी पुढे केले, तर लस दिलीच नाही असे धरून चालावे. घरात याआधीचे पिल्लू पार्व्होने दगावले असेल, तर हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकून राहतो आणि नेहमीच्या फिनेलला दाद देत नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्यासाठी एक भाग ब्लीचमध्ये तीस भाग पाणी घालून फरशी आणि भांडी धुवावी लागतात. अंगणाची माती मात्र अशी धुता येत नाही, म्हणून लसीकरण पूर्ण झालेलाच कुत्रा त्या घरात आणावा.

स्वयंपाकघरातील पथ्ये थोडी आहेत, पण ती पाळायलाच हवीत. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक ठरतात, तेव्हा आपल्या हुमणाचा, म्हणजे माशांच्या आमटीचा, रस भातावर ओतून देणे ही माया नव्हे. मनुका, बेदाणे आणि चॉकलेटही वर्ज्य. शिजवलेल्या कोंबडीची हाडे चिरफळून आतड्यात रुततात. दूध-बिस्कीट हा पिल्लाचा आहार आहे, हा आपल्याकडचा गोड गैरसमज असून अनेक पिल्लांना गाईच्या दुधाने जुलाब होतात. मीठ-मसाल्याविना उकडलेला, काटे काढलेला बांगडा आणि मऊ भात पोटाला सोसतो, पण वाढत्या वयात नुसते तेवढेच पुरे पडत नाही, म्हणून आहार पशुवैद्याला विचारूनच ठरवावा.

गोव्यात कुत्रा पाळणाऱ्याची खरी परीक्षा गोचिडी घेतात. तपकिरी गोचीड घराच्या भिंतीतल्या फटीत अंडी घालते आणि तिच्या चाव्यातून होणारा एर्लिकियासारखा ताप कुत्र्याला हळूहळू पोखरतो. म्हणून रोज संध्याकाळी कुत्र्याला जवळ घेऊन बोटांच्या बेचक्यांत, कानाच्या पाळीच्या आतल्या घडीत, पट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीच्या मुळाशी चाचपून पाहण्याची सवय लावून घ्यावी. गोचीड सापडल्यास ती नखाने चिरडू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी आणि स्पिरिटमध्ये टाकावी. त्याच वेळी ओठ उचलून हिरडीवर बोट दाबून सोडावे. दाबलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी मुळातच फिकट दिसत असेल किंवा कुत्र्याने दोन वेळचे जेवण टाकले असेल, तर वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे.

पिल्लाच्या कानांना आवाजांची ओळखही लवकर करून द्यावी लागते. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे आवाज आणि ज्या व्यक्ती निर्धास्तपणे अनुभवते, त्यांना ते पुढे सहसा घाबरत नाही. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू, मासळीवालीची हाक, बुलेटचा धडधडाट, पावसात पत्र्यावर होणारा मारा हे सारे त्याने कडेवर बसून, तोंडात खाऊ असताना ऐकलेले बरे. तसे झाले नाही की तोच कुत्रा वर्षभराने पोदेराच्या सायकलीमागे धावतो. मग घरचे लोक त्याला फणसाच्या बुंध्याला दिवसभर बांधून ठेवतात, आणि बांधलेला कुत्रा अधिकच चवताळतो. आखूड साखळीने वाजवीपेक्षा जास्त काळ बांधून ठेवणे आणि कंटाळा आला म्हणून सोडून देणे, हे दोन्ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यातला दंड आजही १० ते ५० रुपये इतकाच असल्याने त्याचा धाक कोणाला वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

रेबीजच्या बाबतीत गोव्याने मोठे काम करून दाखवले आहे. २०१४ पासून मिशन रेबीज या संस्थेची पथके राज्य सरकारच्या साहाय्याने गावोगावी फिरून भटक्या आणि पाळीव कुत्र्यांना लस टोचत आली आहेत, शाळाशाळांतून मुलांना माहिती देत आली आहेत, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाला. ही स्थिती टिकवायची तर पाळीव कुत्र्यांच्या मालकांनी दरवर्षीचा डोस चुकवून चालणार नाही. तरीही कुत्रा चावलाच, मग तो घरचा का असेना, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. हळद, चुना किंवा तिखट लावण्यात वेळ दवडू नये.

पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा खात्याला आपल्या दैनिकामार्फत एक विनंती करावीशी वाटते. लसीकरणाचे महिनावार वेळापत्रक, निर्बीजीकरणाची माहिती आणि पैदाशीच्या नियमांतील मोजकी कलमे असलेले मराठी-कोकणी पत्रक खात्याने मार्चअखेर प्रत्येक पंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या फलकावर लावावे, म्हणजे सुट्टीतले बेत ठरण्यापूर्वी ते लोकांच्या नजरेस पडेल. आपणही पणजीतील टोंक येथील पशुवैद्यकीय इस्पितळासह प्रत्येक तालुक्यातील सरकारी पशुचिकित्सालयांच्या वेळा आणि दूरध्वनी क्रमांक आठवड्यातून एकदा छापलेत, तर अनेक कुटुंबांची ऐनवेळची धावाधाव वाचेल.

कळावे.

आपली नियमित वाचक,
फोंडा