नॅनोजेलची बातमी देताना संशोधनाचा टप्पाही सांगावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कर्करोगाचे औषध थेट गाठीपर्यंत पोहोचवणाऱ्या ‘नॅनोजेल’च्या बातम्या अलीकडे वृत्तपत्रांतून आणि मोबाइलवर वरचेवर वाचायला मिळतात. हे संशोधन खरे आहे आणि मोलाचेही आहे. मात्र प्रयोग काचपात्रातील पेशींवर झाला, उंदरांवर झाला की माणसांवर, याचा उल्लेख बातमीत बहुधा नसतो आणि त्याचा त्रास रुग्णाच्या घरच्यांना होतो. कोल्हापुरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या परिसरातील औषध दुकानांत राधानगरी-गडहिंग्लजपासून निपाणीपर्यंतची माणसे येतात. मध्यंतरी आईची केमोथेरपी सुरू असलेल्या एका तरुणाने असेच कात्रण माझ्या दुकानात माझ्यापुढे धरले आणि “हे मिळंल काय? मुंबईस्नं मागवून दिलं तरी चालंल, पैशाचं बघतो,” असे विचारले. कात्रणातील औषध अजून उंदरांच्या पुढे गेलेले नाही, आणि शेल्फवरची मुरमांची ‘नॅनो जेल’ ट्यूब ही निराळी वस्तू आहे, हे त्याला सांगणे मला फार जड गेले.

नॅनोजेल म्हणजे पॉलिमरच्या, म्हणजे लांबलचक रेणूंच्या, साखळ्या एकमेकींत बांधून केलेली, पाणी धरून ठेवणारी सूक्ष्म जाळी. सब्जाचे बी पाण्यात फुगते तसा तिचा कण फुगतो. फरक इतकाच, की हा कण साधारण २० ते २०० नॅनोमीटरचा, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशीच्याही कितीतरी पट लहान असतो. पाणी धरणाऱ्या अशा जेलचा पाया १९६० मध्ये चेकोस्लोव्हाकियातील विख्टर्ले आणि लिम यांनी घातला आणि त्यातून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आली. १९९३ मध्ये जपानमध्ये आकियोशी यांच्या गटाने पुलुलान या शर्करा-पॉलिमरला कोलेस्टेरॉल जोडून आपोआप जुळणारे कण तयार केले.

या जाळीचे खरे सामर्थ्य औषध कुठे सोडायचे, यात आहे. डॉक्सोरुबिसिन या केमोथेरपीच्या औषधाचे उदाहरण घ्या. हे लाल रंगाचे इंजेक्शन स्तनाच्या कर्करोगात वर्षानुवर्षे वापरले जाते. पण ते हृदयाच्या स्नायूला इजा करते, म्हणून एका रुग्णाला आयुष्यभरात किती द्यायचे याला मर्यादा आहे. रक्ताचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी, तितकी आम्लता अधिक) ७.४ असतो, गाठीच्या आसपास तो थोडा उतरतो आणि पेशी कण गिळते तेव्हा त्याभोवती तयार होणाऱ्या पुटिकेत (सूक्ष्म पिशवीत) ५ ते ६ पर्यंत येतो. पेशीच्या आत ग्लुटाथिओन हे रसायनही रक्तापेक्षा शेकडो पटींनी अधिक असते. आम्लात सुटणारे किंवा ग्लुटाथिओनने तुटणारे बंध वापरून जाळी विणली, तर ती रक्तात मिटलेली राहावी आणि पेशीत शिरल्यावर उघडावी, अशी ही योजना आहे.

निदानातही तिचा उपयोग संभवतो. एमआरआयच्या वेळी चित्र उठावदार दिसावे म्हणून दिले जाणारे गॅडोलिनियम हे धातूद्रव्य अशा कणात बसवले, की त्याची गिरकी मंदावते आणि प्रत्येक अणूमागे मिळणारा संकेत वाढतो. त्यामुळे कमी मात्रेत स्पष्ट चित्र मिळण्याची शक्यता निर्माण होते. परंतु मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत गॅडोलिनियमचा त्वचा घट्ट करणाऱ्या एका गंभीर विकाराशी असलेला संबंध २००६ मध्ये लक्षात आला, हे विसरता येत नाही. सुमारे ६ नॅनोमीटरपेक्षा मोठे कण मूत्रावाटे सहज बाहेर पडत नाहीत, ते यकृत आणि प्लीहेत साठतात. तेव्हा ही जाळी शरीरात विरघळते का, आणि किती दिवसांत, हे कळल्याशिवाय तिच्यातून गॅडोलिनियम देणे मला धोक्याचे वाटते.

दुसरी अडचणही बातम्यांत येत नाही. गाठीतील रक्तवाहिन्या गळक्या असल्याने सूक्ष्म कण तिथे साचतात, या तत्त्वावर या क्षेत्राची बरीच भिस्त आहे. २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतील प्रकाशित प्रयोगांचा आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणारा मध्यक वाटा ०.७ टक्के निघाला. ‘थेट गाठीपर्यंत’ या शब्दांशेजारी हा आकडा छापला असता, तर त्या तरुणाने कदाचित पैशाची गोष्टच काढली नसती.

म्हणजे हे सारे व्यर्थ आहे, असे मुळीच नाही. २०२१ च्या म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) साथीत लिपोसोमल अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधासाठी नातेवाईक दारोदार फिरत होते. ते औषध नॅनो आकाराच्या मेदपुटिकांत भरलेले असते आणि साध्या अँफोटेरिसिनपेक्षा मूत्रपिंडाला कमी अपाय करते. नॅनो वाहक रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचू शकतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर केली आहेत.

आता मागणीकडे वळतो. आपल्या दैनिकाने अशा प्रत्येक बातमीत, आणि तेही सुरुवातीलाच, प्रयोग कशावर झाला आणि मानवी चाचणीला परवानगी मिळाली आहे का, हे द्यावे. दुसरी मागणी शिवाजी विद्यापीठाचा नॅनोविज्ञान विभाग आणि जिल्ह्यातील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये यांच्याकडे आहे. नवा कण बनवून शोधनिबंध लिहिणे होतच असते. पण उष्णतेने निर्जंतुक करताना कण गुठळी धरतो का, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेल्या कायटोसॅन या पॉलिमरची एक खेप दुसरीसारखी निघते का, सुकवून ठेवलेला कण सहा महिन्यांनी पाण्यात पूर्ववत फुगतो का, अशा कंटाळवाण्या प्रश्नांवरच औषध अडते आणि ते तपासण्याइतकी साधने व हुशार मुले कोल्हापुरात आहेत. याच मंडळींनी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांबरोबर बसून रुग्णांसाठी सोप्या मराठीत दोन पानी पत्रक काढावे. त्यात आज मिळणारी नॅनो औषधे कोणती, प्रयोगात असलेली कोणती, आणि बातमी वाचून चालू केमोथेरपी मध्येच का सोडू नये, एवढे असले तरी पुरे. असे पत्रक निघाल्यास त्याच्या प्रती स्वखर्चाने छापून माझ्या दुकानात ठेवण्यास मी तयार आहे.

आपला,
एक औषध विक्रेता, कोल्हापूर