स्वयंपाकघरातल्या पेन्सिलच्या खुणा

सांगली,
रविवार, दुपार

प्रिय मनीषा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी धड बोललेच नाही. आई शेजारीच वाती वळत बसली होती आणि तिच्यासमोर तिच्याच आजाराचं बोलायला लागले की माझा गळा दाटतो. म्हणून आज सगळं लिहूनच काढते.

स्तनातली गाठ तिच्या हाताला लागली आषाढात आणि आम्हाला कळलं मार्गशीर्षात. धाकटीचं लग्न ठरलं होतं ना, म्हणून ही पाच महिने गप्प. मध्ये एकदा एकटीच जाऊन एका डॉक्टरांना दाखवून आली होती. त्यांनी विचारलं, "दुखते का?" ही म्हणाली, "नाही." "मग काळजी नको." अजूनही आठवलं की जीव जळतो गं. स्तनातली कॅन्सरची गाठ बहुतेकदा दुखतच नाही, म्हणून तर बायका फसतात. लग्न उरकलं, पाहुणे गेले, आणि त्या रात्री आईनं माझा हात धरून त्या जागी ठेवला. सुपारीएवढी होती, टणक. ते बोटांना अजून आठवतं.

पुढचं तुला बरंचसं माहीत आहे. परळला टाटा हॉस्पिटल, मुक्कामाला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा, ऑपरेशन, मग केमो. लाल औषधाच्या दिवसांबद्दल मी लिहीत नाही, आईलाही ते आवडणार नाही.

पण एक सांगते. काखेतल्या गाठीही काढल्यामुळे तिचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, असा व्यायाम दिला होता. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी ती रोज उभी राहायची, दात आवळून बोटं सरकवायची, जिथं थांबतील तिथं मी पेन्सिलनं रेघ ओढायची. पहिली रेघ तिच्या हनुवटीपाशी आहे. दाराच्या चौकटीवर आमच्या तिघा भावंडांच्या उंचीच्या खुणा आहेत ना, अगदी तशा या. मागच्या आठवड्यात तिनं वरच्या फळीवरचा मोदकपात्राचा डबा स्वतः काढला. मी बाहेर जाऊन रडून आले.

या सगळ्यात ती एकच प्रश्न विचारत राहिली, "मीच का गं?" तिघांना अंगावर पाजलं, वजन कधी वाढू दिलं नाही, माहेरी कुणाला हा रोग नाही. पाजल्यानं धोका कमी होतो हे खरंच आहे, पण कमी होतो, जात नाही. तिच्या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

म्हणूनच, काढलेल्या गाठीचा तुकडा आणि थोडं रक्त संशोधनासाठी ठेवू का, असं विचारलं तेव्हा तिनं उलट विचारलं, "मला उपयोग होईल?" डॉक्टरीणबाई खरं तेच बोलल्या, "तुम्हाला नाही, पुढच्यांना." आईनं चष्मा लावला, एकेक अक्षर जपून काढत सही केली.

तिथंच कळलं, मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या बायकांनी आपल्यासाठी काय करून ठेवलंय ते. टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये तिथं एक अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका हातानं छाती तपासायच्या, अशा चार फेऱ्या. बाकीच्या वस्त्यांत फक्त माहिती दिली. मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचं मशीन नाही, नुसते शिकलेले हात. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये छापून आला. तपासलेल्या बायकांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशी पुढच्यांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही, हेही त्यांनी सांगितलं. पाण्याच्या रांगेतून उठून ज्या बायका तपासून घ्यायला बसल्या असतील, त्यांचे उपकार मी कुठं फेडू?

आई रोज रात्री घेते ती टॅमॉक्सिफेनची गोळी अमेरिकेत जास्त धोका असलेल्या तेरा हजारांवर निरोगी बायकांत तपासली होती, रोग होण्याआधीच अडवता येतो का ते बघायला. १९९८ मध्ये निकाल आला, गोळी घेणाऱ्यांत रोगाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. मात्र गर्भाशयाच्या कॅन्सरचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढला, त्यामुळे ती सरसकट कुणालाही देत नाहीत. म्हणजे अजून खूप शोधायचं राहिलंय. त्याला बायका लागतात, वर्षं लागतात, पैसाही लागतो.

डाव्या हातात आता तिला घट्ट काही घालायचं नाही. त्या हातातली पाटली मोडून पैसे संशोधनाला द्यायचे, असं तिनं संक्रांतीला जाहीर केलं. लग्नातली पाटली. बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन सराफाकडे निघाले.

आता तुझ्याशी भांडायचंय. काकू ६१ वर्षांच्या झाल्या, त्यांना एकदाही कुणी तपासलेलं नाही, असं तूच म्हणालीस. "आई लाजते" हे कारण मला सांगू नकोस. आमची आईही लाजलीच होती. काकूंना बाई डॉक्टरांकडे ने, याच महिन्यात. तुझ्यानं होत नसेल तर मी १४ तारखेला नाशिकला येते. आईही येते म्हणाली. काकूंशी ती एकटी बोलणार आहे, आपण दोघींनी बाहेर बसायचं.

येताना कुरडया आणते.

तुझी,
सुजू