एनआयसीयूतल्या (नवजात अतिदक्षता विभागातल्या) बाळासाठी घेतलेला ब्रेस्ट पंप बंद, वॉरंटी नाकारली

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीतला इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप बदलून देण्यास नकार आणि भरपाई म्हणून दूधबाटल्यांचं कूपन पाठवणं

महोदय,

तुमचा दोन्ही बाजूंचा इलेक्ट्रिक पंप आम्ही तुमच्याच वेबसाइटवरून मागवला. एनआयसीयूतल्या बाळांच्या आयांसाठी योग्य, असं खोक्यावर छापलंय, म्हणून बाकीचे स्वस्त पंप सोडून हा घेतला. पंधरवडाही झाला नाही आणि मोटर नुसती घरघरायला लागली, ओढ काहीच नाही. व्हॉल्व्ह बदलले, नळ्या बदलल्या, दुसऱ्या चार्जरवर लावून पाहिला. बिघाड मोटरमध्येच आहे.

ग्राहक सेवेचं पहिलं उत्तर : हे हायजीन प्रॉडक्ट आहे, एकदा उघडलं की परत घेत नाही. मोटरला दुधाचा थेंबही लागत नाही आणि तुमच्याच कार्डावर तिची वॉरंटी एक वर्ष लिहिली आहे. मग अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला. मुलगी व्हेंटिलेटरवर असताना खोकं फोडण्याचा व्हिडिओ कोण काढत बसेल? शेवटी सांगितलं, पंप दिल्लीला पाठवा, तपासणीला पंधरा वर्किंग डेज लागतील, पर्यायी पंप मिळणार नाही.

माझी मुलगी 29 व्या आठवड्यात जन्मली, वजन 1 किलो 120 ग्रॅम. इतक्या लवकर आलेल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं एकत्र जमत नाही. दूध नळीने पोटात सोडतात, आमच्याकडे सुरुवात दर दोन तासांनी एक मिलीने झाली. आईच्या दुधामुळे अशा बाळांना एनईसी हा आतड्यांचा जीवघेणा आजार होण्याचा धोका कमी होतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बाळ अंगावर पीत नसताना दूध टिकवायचं तर दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा काढावं लागतं. सुरुवातीच्या आठवड्यांत खंड पडला की दूध आटत जातं, मग परत वाढवणं फार अवघड. तुमच्या पंधरा दिवसांचा अर्थ हा आहे.

पंप बंद पडला त्या रात्री एनआयसीयूतल्या सिस्टरांनी मला पडद्यामागे बसवून हाताने दूध काढायला शिकवलं. अंगठा वर, बोटं खाली, आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची. उकळून घेतलेल्या वाटीचा तळ कसाबसा झाकला गेला. कडेला चिकटलेले थेंबही त्यांनी सिरिंजने ओढून घेतले आणि लेबल लावून फ्रीजमध्ये ठेवले. सिझेरियनचे टाके ओले होते, मनगटं भरून यायची, तरी पुढचे कित्येक दिवस मी हेच केलं. मुंबईत सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये दुग्धपेढी सुरू केली, तशी पेढी आमच्या रुग्णालयात असती तर निदान दात्या आईचं दूध तरी मिळालं असतं. ती नाही.

आणि याच दिवसांत तुमच्याकडून ईमेल आला : गैरसोयीबद्दल फीडिंग बाटल्यांच्या खरेदीवर सवलतीचं कूपन. मी तो ईमेल एनआयसीयूच्या दाराशी उभी राहून वाचला आणि मला रडू फुटलं. शिशू दुग्धपर्याय व दूधबाटल्यांविषयीच्या 1992 च्या कायद्यानुसार दूधबाटल्यांची जाहिरात करता येत नाही, त्यांचा खप वाढवायला आमिष दाखवता येत नाही. आईचं दूध टिकवण्यासाठी यंत्र विकणाऱ्या कंपनीला हे ठाऊक नसेल, हे मी मानत नाही. हे कूपन आणखी किती आयांना गेलं, ते मला लेखी कळवा.

मुलगी आता वाटी-चमच्याने पिते, पण अंगावर पुरेसं ओढत नाही, त्यामुळे पंपाची गरज अजून आहे. आठवड्याभरात नवीन पंप घरपोच पाठवा आणि बिघडलेला तुमच्या खर्चाने घेऊन जा. दरम्यान भाड्याने आणलेल्या पंपाचे पैसे द्या. रुग्णालयातल्या बाळासाठी वापरात असलेला पंप बिघडला तर लगेच पर्यायी पंप देण्याची सोय करा आणि कूपनची ती योजना बंद करा.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हायला हवं. तसं न झाल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड, मोटरचा व्हिडिओ, तुमचे सर्व ईमेल, पंपाच्या भाड्याच्या पावत्या.

आपली,
एक ग्राहक
(नाव व ऑर्डर क्रमांक बिलावर आहे)