लालबागची खोली विकू नका

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. समोरासमोर बाबा आवाज चढवतात आणि मला रडू येतं, म्हणून लिहितेय. आमच्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी पागडीची खोली, म्हणजे तिच्यातला तुमचा भाडेकरूचा हक्क, विकायचा विचार कृपा करून सोडून द्या.

बाबा, तुम्ही म्हणालात, "आम्ही गिरणीच्या पगारात भागवलं, तुम्ही दोघं कमावता तरी घर होत नाही?" तुमची काटकसर मी पाहिलीय, आईची तर जास्तच. पण भाडेपावत्यांची फाइल एकदा उघडा. आजोबांच्या पिवळ्या पडलेल्या पावतीवर जो आकडा आहे, तोच तुमच्या नावाने पावती झाली तेव्हाही होता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. १९८२ च्या संपात पगार बंद झाला, तरी आपल्याला कुणी खोलीबाहेर काढलं नाही, ते त्या बळावर. मी शिकले तीही त्याच बळावर.

त्याची दुसरी बाजूही आपल्याच चाळीत आहे. एवढ्याशा भाड्यात मालकाने डागडुजी सोडली. जिन्याजवळ आई पायपुसणी वाळत घालते तो लाकडी टेकू त्यामुळेच उभा आहे. आणि भाड्याने द्यायला नवी घरं बांधणं कुणालाच परवडेना. तुम्हाला ज्या कायद्याने तारलं, त्यानेच पुढच्यांची वाट अडवली, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आमचा करार अकरा महिन्यांचा. संपत आला की मालक नवा आकडा सांगतो; नाही जमलं तर पुन्हा डिपॉझिट, ब्रोकरेज, टेम्पो, मुलाची शाळा. तरीही भाडं म्हणजे पाण्यात पैसे, हे मला पटत नाही. एक कोटीच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं महिना ८६-८७ हजारांचा हप्ता बसतो. भांडुपच्या या वन बीएचकेचं भाडं त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. सरकार घरं विकायच्या सोडती काढतं, पण मला मालकीच्या आधी हमी हवी: भाडं ठरलेल्या दरानेच वाढवा आणि पाच-सात वर्षं घरातून हलवू नका. तुमच्या पागडीच्या भाड्याला २००० पासून वर्षाला चार टक्क्यांची मर्यादा आहे. तसं काहीतरी आमच्यासाठी मागायला काय हरकत आहे?

आणि खोली आत्ता विकलीत तर किमतीतला मालकाचा हिस्सा जाऊन हातात किती उरेल? आपली इमारत उपकरप्राप्त आहे, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी जुनी इमारत. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ३३(७) खाली पुनर्विकास झाला, तर किमान ३०० चौरस फुटांचं मालकीचं घर तुम्हाला मिळेल, आत संडास-बाथरूमसकट. आईचे गुडघे बघता रात्री गॅलरीच्या टोकापर्यंत जाणं थांबलं, तर मला माझ्या फ्लॅटपेक्षा त्याचा आनंद जास्त होईल.

शनिवारी येते. तोवर बिल्डरच्या माणसाने कुठलाही कागद आणला तरी सही करू नका. नवी इमारत होईपर्यंत दुसरीकडे राहायचं, त्या संक्रमण काळातलं भाडं आणि बँक गॅरंटी करारात लिहिलीय का, ते आपण मिळून वाचू.

तुमची,
स्वाती