कोर्लईच्या पायऱ्यांवर दम लागलेल्या दादांना

दादा,

रिक्षाचे पैसे मी फोनवरून पाठवले, 'पोचले ताई' असा तुमचा मेसेजही आला. म्हणजे व्यवहार पुरा झाला. तरी पंधरा दिवस झाले, रात्री भांडी आवरताना रोज वाटतं की या माणसाचं देणं राहिलंय. तोंडावर आभार मानायचे होते, पण निघताना माझा घसा दाटून आला आणि मी नुसतीच हात जोडून गाडीत बसले. म्हणून हे पत्र. चारचौघांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय.

तुम्हाला माहीत नाही, पण तुमच्या आधी आम्ही एकदा फसलो होतो. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. सात वर्षं मुरूड डेपोला होते. पहाटेची पहिली गाडी काढून अलिबागकडे निघाले की नांदगाव, काशीद, बारशीव, बोर्ली करत यायचं. बोर्ली सोडली की अंधारात समोर कोर्लई किल्ल्याच्या डोंगराशी दीपगृहाचा झोत दिसायचा. सात वर्षं त्यांनी तो पाहिला, गाडीच्या काचेतून. उतरून जवळ जायला कधी जमलं नाही. ड्युटी म्हणजे ड्युटी. मग बदली झाली, पुढे निवृत्ती, आई गेली, बाबा कल्याणला माझ्याकडे राहायला आले, गुडघे गेले. बाबा स्वतःसाठी काही मागत नाहीत. गेल्या वर्षी चहा पिताना सहज बोलले, "तो कोर्लईचा दिवा एकदा जवळून बघायचा राहिला."

मी लगेच एका सहलवाल्यांकडे पैसे भरले. किल्ला, दीपगृह, समुद्रकिनारा, सगळं एका दिवसात, घरी परत. मी तीन वेळा विचारलं, वडील ७८ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, जमेल ना? तिन्ही वेळा एकच उत्तर, "काही काळजी करू नका मॅडम, सगळं आरामात होतं." तिथे पोचल्यावर गाडी थांबली काशीदला. कोर्लई वेळेअभावी रद्द. बाकीचे पाण्यात उतरले आणि त्यांचा माणूस मला म्हणाला, "आजोबांना गाडीतच बसू द्या, उगाच ऊन लागेल." एसी बंद, काचा अर्ध्या उघड्या. मी छत्री घेऊन बाजूला उभी राहिले. ज्या रस्त्यावर त्यांनी सात वर्षं गाडी चालवली, त्याच रस्त्याच्या कडेला ते सामान ठेवावं तसे दोन तास बसून होते. एका शब्दाने तक्रार केली नाही. परतताना फक्त म्हणाले, "पैसे वाया गेले तुझे." ते वाक्य मला अजून टोचतं.

नातेवाईकांचं तर सोडाच. "या वयात कशाला हौस", "घरी टीव्हीवर दाखव", हे मी इतक्यांकडून ऐकलं की पुढे विषय काढणंच बंद केलं.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीचं माहेर चौलचं. तिने तुमचा नंबर दिला. मी तुम्हालाही तेच विचारलं, वडिलांना जमेल ना? आणि तुम्ही म्हणालात, "ताई, खोटं नाय सांगणार. अख्खा किल्ला नाय जमायचा त्यांना."

दादा, फोनवर मी गप्प झाले होते ना, ती नाराजी नव्हती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझा प्रश्न ऐकला होता. पुढे तुम्हीच सांगितलंत की दीपगृहापर्यंत गाडी जाते, तिथून पायऱ्या लागतात, सकाळच्या उन्हात सावकाश चढलं तर पहिल्या दरवाजापर्यंत जाता येईल, तिथे टेकून बसायला जागा आहे. "त्याच्यावर तुम्ही जा. काका माझ्यासंगं बसतील." किल्ल्याची माहिती मला कुणीही दिली असती. कुठे थांबायचं, हे सांगणारे तुम्ही एकटे.

मग मी विचारलं, येत्या शनिवारी येऊ की रविवारी? तर तुम्ही म्हणालात, "वार नको सांगू ताई, तिथी सांग." मी कॅलेंडर उघडून बसले. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते, हा हिशोब तुम्ही मला शिकवलात. पुनव आणि अवसेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. द्वादशी असेल तर बारा पाऊण नऊ, म्हणजे सकाळी नवाच्या आसपास भरती, आणि त्यानंतर सहाएक तासांनी, तीनाच्या सुमाराला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. बाबांनी शेजारून सगळं ऐकलं आणि स्वतःशी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणायला लागले! शाळेत पाठ केलेली, साठ-सत्तर वर्षांपूर्वीची. "अकरा पाऊण सव्वाआठ," म्हणाले, "बरोबर सांगतोय पोरगा." तिथी बघायचं कारणही तुम्ही सांगितलंत. सुकती झाली की पाणी लांब जातं, ओली वाळू घट्ट असते, दुखऱ्या गुडघ्याचा पाय रुतत नाही. कोरड्या भुसभुशीत वाळूत चालताना धडधाकट माणसाचीसुद्धा पोटरी भरून येते, तिथे बाबांचं काय झालं असतं? हे मला सुचलं नव्हतं. पैसे घेतलेल्यांना तर नाहीच.

प्रवासाचं फार लिहीत नाही. वडखळ उजाडायच्या आत मागे टाका म्हणालात, टाकलं. पेण, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग, चौल. बाबा पुढच्या सीटवर बसून माझ्या नवऱ्याला वळणं आधीच सांगत होते. रेवदंड्याला तुम्ही भेटलात, साळावचा पूल ओलांडून कोर्लईत आलो, आमची गाडी तुम्ही गावात लावायला लावलीत. पुढचा रस्ता अरुंद, समोरून कुणी आलं की मागे घ्यावी लागते, नवख्याने जाऊ नये. डाव्या हाताला भरतीचं पाणी खडकांवर आपटत होतं आणि रिक्षात तुषार येत होते. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावलाच नाही.

आता जे लिहायला बसलेय ते लिहिते.

दीपगृहापासून पायऱ्या सुरू झाल्या. मी बाबांचा दंड धरायला गेले, त्यांनी झटकून टाकला. आयुष्यभर पन्नास माणसांना घेऊन घाट उतरलेला माणूस तो, मुलीच्या हाताला धरून चालणं त्यांना नको असतं. मला कळतं, पण भीती वाटते. तुम्ही काही बोलला नाहीत. नुसते त्यांच्या पुढे दोन पायऱ्या झालात. पंधरा-वीस पायऱ्या झाल्या असतील, बाबांचा श्वास मला मागे ऐकू यायला लागला होता, आणि तुम्ही एकदम कमरेवर हात ठेवून थांबलात. "काका, जरा थांबा हो. दम लागला मला."

तुमचं वय तिशी-बत्तिशीचं. घरची होडी आहे, सुट्टीच्या दिवशी भावाबरोबर जाळी ओढता, हे तुम्हीच तासाभरापूर्वी सांगितलं होतं. तुम्हाला त्या पायऱ्यांचा दम कसा लागेल? पण तुम्ही खरोखर टेकलात, गमछाने तोंड पुसलंत, समुद्राकडे बघत बसलात. बाबाही बसले. म्हणाले, "बस बस, घाई नाही." वर तुमच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या टप्प्याला चपलेत खडा गेला. त्यानंतर एकदा लांबची होडी कुणाची ते ओळखायचं होतं, मग परत दम. एकदाही तुम्ही 'काका, तुम्ही दमलात का' असं विचारलं नाहीत. एकदाही हात पुढे केला नाहीत. पण तुमचा डावा हात सगळा वेळ जरा मागे, अर्धवट उघडा होता. तोल गेला तर बाबांना तो सापडावा म्हणून. मी मागून येत होते, मला तो दिसत होता. ते पहिल्या दरवाजापर्यंत पोचले तेव्हा कुणी त्यांना वर आणलं नव्हतं. ते तुम्हाला सोबत करत आले होते.

माझ्या वडिलांची मान ताठ ठेवून त्यांना कुणी कुठे नेलं, असं गेल्या पाच-सहा वर्षांत मी पाहिलेलं नाही. दवाखान्यात सगळे माझ्याशी बोलतात, "यांना काय होतंय" म्हणून, बाबा समोर बसलेले असताना. बँकेत काउंटरवरचा माणूस आवाज चढवतो, जणू म्हातारा माणूस बहिराच असतो. कुणी वाईट वागत नाही, पण कुणी वागवतही नाही. चांगुलपणा म्हणजे मोठी मदत, मोठं दान असं आपण समजतो. मला वाटतं तो असा असतो, चपलेतल्या खड्याएवढा, घेणाऱ्याला कळूसुद्धा न देणारा.

बाबांना मी तुमच्या हवाली करून वर गेले, नवरा आणि लेकीबरोबर. किल्ला लांबट, डोंगराच्या कण्यावर बसलेला, मध्ये आडव्या भिंती घालून भाग पाडलेले. छप्पर उडालेलं चर्च, पाण्याचं टाकं, गवतात पडलेल्या तोफा, आणि महादेवाचं छोटं देऊळ. निजामशाहीकडून पोर्तुगीजांनी तो घेतला १५९४ साली, १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. एका अंगाला कुंडलिकेची खाडी, दुसऱ्या अंगाला उघडा समुद्र, खाली गावातल्या रंगीत होड्या आणि पलीकडे रेवदंडा. आम्ही तिघेच होतो. वारा आणि आमची पावलं, एवढाच आवाज. पण खरं सांगते, माझं लक्ष खाली होतं. तटावरून वाकून बघितलं तर तुम्ही दोघं दरवाजाच्या सावलीत बसलेले, आणि बाबा दोन्ही हातांनी भलंमोठं स्टिअरिंग फिरवून दाखवत होते. तुम्ही हसत होतात.

जेवायला तुम्ही ज्या मावशींकडे नेलंत त्यांनाही माझा नमस्कार सांगा. तांदळाची भाकरी आणि बोंबील, बाबांनी दोनदा मागून घेतलं. मावशींनी आत वळून सुनेला हाक मारली ती मराठी नव्हती. लेकीने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नो लिंग. आमची भाषा." पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षं उलटली आणि कोर्लईतली जेमतेम हजारभर माणसं अजून घरात ती बोलतात. लेक अजून वहीत लिहिलेले चार शब्द म्हणून दाखवते.

चार वाजता पुळणीवर उतरलो. तुम्ही सांगितलं होतं तसंच, पाणी लांब, वाळू घट्ट. बाबा काठी टेकत पाण्याच्या रेषेपर्यंत स्वतः गेले आणि पँट दुमडून उभे राहिले. कितीतरी वेळ. दीपगृह बघायची वेळ ठरलेली असते, ती तुम्ही आधीच विचारून ठेवली होती, म्हणून तेही चुकलं नाही. तिथल्या माणसाने सांगितलं की प्रत्येक दीपगृहाचा लुकलुकायचा ठेका वेगळा असतो, त्यावरून खलाशाला कळतं आपण कुठे आहोत ते. बाबा म्हणाले, "म्हणजे गाडीची पाटी." तो माणूस म्हणाला, अगदी बरोबर.

तुमचं काम तिथे संपलं होतं. सहाला सोडायचं ठरलं होतं. पण तुम्ही म्हणालात, "काका, तुम्ही बोर्लीकडून बघायचात ना? मग जरा मागं जाऊ. दिवा लागंल आता." आणि आमच्या गाडीपुढे रिक्षा घालून तुम्ही बोर्लीच्या रस्त्याला निघालात. एका जागी बाबांनीच "इथे, इथे" केलं. रस्त्याच्या कडेला आपण सगळे उभे राहिलो. अंधार पडत गेला आणि झोत आला. बाबा मनातल्या मनात मोजत होते, ओठ हलताना मला दिसले. गाडीत होते तेव्हा मोजायला सवड नसणार. मग त्यांनी तुम्हाला सांगितलं की याच पट्ट्यात पहाटे कोळणी टोपल्या घेऊन अंधारात उभ्या असायच्या, थांबा नसायचा, 'हात दाखवा, एसटी थांबवा' हे कागदावर यायच्या आधीपासून ते थांबवायचे. कंडक्टर कुरकुरायचा. तुम्ही म्हणालात, "माझी आजी असंल त्यात." त्यानंतर कुणीच काही बोललं नाही.

जास्तीच्या फेरीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. 'आजीचं तिकीट वळतं करून घ्या' म्हणालात.

दादा, बाबांना सगळं कळलं होतं. मला वाटलं, त्यांच्या लक्षात आलं नसेल. काल जेवताना मी सांगितलं की तुम्हाला पत्र लिहितेय, वैशाखात आंबे आले की पुन्हा जाऊ. बराच वेळ ताटात बघत बसले. मग म्हणाले, "त्याला लिही, या वेळी दुसऱ्या दरवाजापर्यंत जायचंय. म्हणावं, दम लागला तर लागू दे, मी थांबेन तुझ्यासाठी."

तुमची,
कल्याणची ताई