सुमे, तुझा तो ईबीसीचा, फी माफीचा फॉर्म आठवला

लेस्टर, इंग्लंड, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय सुमे,

दिवाळीपासून फोन नाही, मेसेजला नुसते अंगठे पाठवतेय, कळतंय मला. तू "मेलीस का काय गं" विचारलंस त्यालाही अंगठाच पाठवला, नंतर लक्षात आलं. मेले नाही. गुडघा आहे तसाच, बीपीची गोळी चालू, बाकी ठीक. गप्प का होते ते सांगते, पण फोनवर नको, फोनवर तू मधेच हसतेस आणि मग मी विषय बदलते.

मंगळवारी लायब्ररीत गेले होते. थंडीत दुपारी मी तिथंच असते, पुस्तकांसाठी नाही, हीटरसाठी. तिथं एक टेबल मांडून म्हाताऱ्याकोताऱ्यांची कागदपत्रं बघून देतात. टेबलावर एक पोरगी, नाशिकची, इथं शिकायला आलेली. माझं आडनाव वाचलं आणि लगेच "काकू" सुरू. मी कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, पत्र दाखवायला गेले होते, तिनं हळूहळू सगळंच विचारून घेतलं, पेन्शन किती, शिल्लक किती, एकट्याच का. मग कागदावर बेरीज-वजाबाकी केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही पेन्शन क्रेडिटमध्ये बसता!" जणू मला लॉटरी लागली. पेन्शन क्रेडिट म्हणजे ज्यांचं उत्पन्न कमी पडतं अशा म्हाताऱ्यांना सरकारची मदत. मागं इथल्या बेलग्रेव्ह भागातल्या देवळातल्या दोघी बसल्या होत्या, त्यांना मराठी येत नाही पण 'पेन्शन क्रेडिट' येतं ना. माझे कान असे तापले की हीटरची गरज उरली नाही.

आणि सुमे, त्या क्षणी मला ती खिडकी दिसली. सत्त्याहत्तर साल, फी भरायची लाईन, आणि तो कारकून ओरडतोय, "फी माफीवाले इकडं उभं राहा, वेगळे!" तू तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला घेऊन लाईनमधून बाहेर निघालीस आणि वेगळी उभी राहिलीस. मी हसले होते. बाकीच्याही हसल्या, पण तू बघितलंस ते माझ्याकडं. वर मी तुला 'सरकारची जावई' म्हणाले, त्यावरून आपण दिवाळीपर्यंत बोललो नव्हतो. तुला हे आठवत नाही असं तू नेहमी म्हणतेस. खोटं बोलतेस.

आमच्याकडं तरी काय होतं गं, दुकान तेव्हाच गेलेलं, तुला माहीत होतं. अण्णांना तोच फॉर्म आणून दिला तर त्यांनी घडी घालून बंबात टाकला, "आपण माफीचं घेत नाही." ते डोक्यात बसलंय ते अजून निघत नाही.

आता इथला हिशोब सांगते, कारण तुझ्या वन्संनी मिरजेत उठवलंय की पमीला ऐंशी हजार पेन्शन आहे. बरोबर आहे, एकशे वीसचा पौंड धरला तर चार आठवड्यांचे ऐंशीच्या वर जातात. पण मी डाळ पौंडातच घेते ना.

इथली पूर्ण पेन्शन सध्या आठवड्याला २३०.२५ पौंड. पूर्ण कुणाला, तर ज्याचे ३५ वर्षं स्टँप भरलेत त्याला. स्टँप म्हणजे नॅशनल इन्शुरन्स, पगारातून कापतात तो सरकारी विमा, जुने लोक अजून स्टँपच म्हणतात. दहा वर्षांच्या खाली काहीच नाही. माझी भरली २६. म्हणजे २३०.२५ चे ३५ भाग करायचे, त्यातले २६ माझे, १७१ पौंड ४ पेन्स. तू म्हणशील एकोणचाळीस वर्षं घासलीस तिथं, मग तेरा वर्षं गेली कुठं? मी पण तेच विचारलं. पहिली काही त्या साडीच्या दुकानात, तिथं पैसे हातात मिळायचे, कागद नाही काही नाही. एक वर्ष अण्णांच्या आजारपणात. आणि बाकीची वर्षं मी दोन-दोन नोकऱ्या करत होते, सकाळी शाळेचं कॅन्टीन, संध्याकाळी ऑफिसं पुसायची. दोन्हीकडचा पगार एकत्र धरला असता तर स्टँप लागला असता, पण इथं प्रत्येक नोकरी वेगळी मोजतात, आणि दोन्हींतली एकही त्या मर्यादेला पोचत नव्हती. एकच नोकरी करून निम्मा वेळ घरी लोळले असते तर वर्ष धरलं असतं, दोन केल्या म्हणून गेलं! पुढं ती कंपनीची पेन्शन सगळ्यांना आपोआप सुरू झाली, तिथंही तसंच, एका ठिकाणी वर्षाला दहा हजार पगार असेल तरच आपोआप. सोनू लहान होता ती वर्षं मात्र धरलीत, चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलासाठीचा सरकारी भत्ता, माझ्या नावावर होतं म्हणून. सोनूच्या बापानं एवढी एक गोष्ट माझ्या नावावर ठेवली, तीही फॉर्म भरायचा कंटाळा म्हणून.

राहिलेल्यातली तीन-चार वर्षं विकत घेता आली असती. एका वर्षाला साधारण नऊशे पौंड भरायचे, त्याचे आठवड्याला साडेसहा पौंड जन्मभर वाढतात, म्हणजे तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. तुझ्यासारखी हिशोबी बाई असती तर घेतली असती. मी पैसे बाजूला काढले आणि त्याच हिवाळ्यात बॉयलर गेला. बॉयलर नवीन आला, वर्षं गेली.

तर महिन्याला पडतात ७४१. घराचा हप्ता २१०, अजून तीन वर्षं आहे, सोनूच्या बापाचा वाटा विकत घ्यायला काढलेलं कर्ज, तू नको म्हणाली होतीस, ठीक आहे, म्हणून घे एकदाचं 'मी सांगितलं होतं'. गॅस-वीज १२०, कौन्सिल टॅक्स १०५, तेही एकटीला पंचवीस टक्के सूट धरून. पाणी, फोन, घराचा विमा, टीव्हीचं लायसन्स मिळून नव्वदेक. खाणं आठवड्याला ४५ मध्ये बसवते, कसं ते विचारू नकोस. संध्याकाळी सातनंतर सुपरमार्केटात पिवळे स्टिकर लावतात, तारीख संपत आलेल्या मालावर. मला आता त्या पोराची ड्यूटी कधी असते ते पण माहीत आहे. मागच्या आठवड्यात त्याच्या मागं मागं फिरताना शाळेतली जुनी हेडमास्तरीण भेटली, तिच्या हातात तोच पिवळा ब्रेड, दोघी हवापाण्यावर बोललो.

उरतात वीसेक पौंड. म्हणजे बघ, रोजचं भागतं का विचारलंस तर भागतं. इथले लोक उगाच रडतात असं मी म्हणणार नाही आणि उपाशी मरतात असंही नाही. औषधं फुकट आहेत, साठीनंतर प्रिस्क्रिप्शनला पैसे नाहीत. बस फुकट आहे, फक्त सकाळी साडेनऊच्या आधी नाही, म्हणून नऊ अठ्ठावीसला स्टॉपवर आम्ही सगळ्या पांढऱ्या डोक्याच्या उभ्या आणि ड्रायव्हरला विचारतो, "टू अर्ली?" त्यावरून ते आम्हाला 'ट्वर्ली' म्हणतात मेले. पण जे रोज येत नाही ना सुमे, ते भागत नाही. दात, चष्मा, गळकं छप्पर, कुणाचं लग्न, मिरजेचं तिकीट. रोजचं भागवून मी बसलेली असते आणि न येणारं येतं. अभ्यास करणारे लोक आहेत इथं, त्यांनी मागच्या वर्षी काढलं की एकट्या माणसाला म्हातारपणी अगदी कमीत कमी जगायला वर्षाला १३,४०० लागतात, ते पण घरभाडं सोडून. आणि पूर्ण पेन्शन होते ११,९७३. पूर्णवाल्यांचंच पुरत नाही तर आम्ही सव्वीसवाले कुठं.

एप्रिलला वाढणार आहे, नाही असं नाही. २४१.३० होईल, माझे १७९ च्या वर. त्याला ट्रिपल लॉक म्हणतात, महागाई, पगारवाढ आणि अडीच टक्के यातलं जे जास्त तेवढी दरवर्षी वाढ. अण्णांच्या ट्रंकेलाही तीन कुलपं होती, आठवतं? आत काय निघालं ते तुला माहीतच आहे.

मग तू म्हणणार, परत ये. दरवेळी म्हणतेस. ऐक, परत आले ना, की माझी पेन्शन गोठते. खरंच तोच शब्द आहे, फ्रोझन. कायमचं भारतात राहायला गेलं की ज्या दिवशी गेलीस त्या दिवशीचा आकडा मरेपर्यंत तोच. अमेरिकेत जा, वाढते. फिलिपिन्सला जा, वाढते. मॉरिशसला, वाढते. भारत, पाकिस्तान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, नाही वाढत. स्टँप सगळ्यांनी सारखेच भरलेत. २००० साली जो पूर्ण जुनी पेन्शन घेऊन जालंधरला गेला असेल त्याला अजून आठवड्याला साडेसदुसष्ट पौंडच येतायत बघ. तुझं काय बाई, जिल्हा परिषदेचा डीए वाढला की ग्रुपवर पेढ्याचा फोटो. मी पहिली काही वर्षं मिरजेत राणीसारखी राहीन आणि पंच्याऐंशीव्या वर्षी तुझ्या डीएवर जगेन. तुझ्या सुनेला विचारून ठेव.

तर पेन्शन क्रेडिट. एकट्या माणसाचं उत्पन्न २२७.१० च्या खाली असेल तर कमी पडेल तेवढं सरकार भरून देतं. मला ५६ पौंड आठवड्याला. शिवाय थंडीचे दीडशे पौंड विजेच्या बिलातून कमी, आणि कौन्सिल टॅक्स जवळजवळ माफ. ती पोरगी 'माफ' म्हणाली आणि मला बंबाचा वास आला.

घरी येऊन फॉर्म उघडला. बचत किती. सहा हजार. दहा हजारांपर्यंत काही म्हणत नाहीत. पुढचा प्रश्न, राहत्या घराशिवाय आणखी कुठं मालमत्ता, परदेशातसुद्धा. आली का पंचाईत! मिरजेच्या घरातला माझा वाटा. मध्यंतरी दादाच बोलता बोलता म्हणाला होता, तुझे तीस लाख होतील. तीस लाख म्हणजे पंचवीस हजार पौंड. दहा हजारांच्या वरच्या प्रत्येक पाचशे पौंडाला हे लोक आठवड्याला एक पौंड उत्पन्न धरतात. माझे सहा मिळवून एकतीस, वजा दहा, एकवीस हजार, म्हणजे ४२ पौंड. ज्या घरातनं मला पावसाळ्यात पत्रे गळतात एवढंच ऐकायला मिळतं, ते घर मला आठवड्याला बेचाळीस पौंड देतंय असं धरणार! छप्पन्नचे चौदा राहिले.

मग वाटलं, देऊन टाकावं हक्कसोड पत्र, पंधरा वर्षं मागतोय दादा. तू तुझ्या भावाला सही दिलीस तेव्हा मी तुला बावळट म्हणाले होते, शिकली सवरलेली बाई असून, वगैरे. आता मी सही केली तर इथं विचारणार, मदत मिळावी म्हणूनच दिलंत ना, आणि गेलेलं असूनही माझंच धरणार. म्हणजे मी वीस वर्षांपूर्वी बावळट असायला हवं होतं.

आणि शेवटचं, हे सगळं मिळालं तर एका वेळी चार आठवड्यांच्या वर देशाबाहेर राहायचं नाही, क्रेडिट बंद. माझे जानेवारी-फेब्रुवारी मिरजेचे दोन महिने, तुझ्या गच्चीवरचे, गेले. यंदा तिकिटाचे पैसे नव्हते म्हणून आले नाही, गुडघ्याचं निमित्त सांगितलं तुला. गुडघा खरंच तेवढा वाईट नाहीये.

सोनूला यातलं काही माहीत नाही आणि तू सांगायचं नाहीस. तो महिन्याला पैसे पाठवेल लगेच, आणि त्याचं स्वतःचं भाडं केवढं आहे ते मला माहीत आहे.

तुझं मोतीबिंदूचं दुसऱ्या डोळ्याचं झालं का? नात चालायला लागली म्हणालीस, व्हिडिओ बघितला, अगदी तुझ्यासारखी फताडी चालते. पुण्याच्या फ्लॅटचा ताबा मिळाला का नाही ते कळव. तुझ्या ह्यांना नमस्कार, त्यांना हे पत्र वाचून दाखवू नकोस.

एक काम कर. दादाला न कळवता सिटी सर्व्हेमधून घराचा प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढ, आणि कुणातरी ओळखीच्या माणसाला खरी किंमत विचार, दादाचे तीस लाख मला जास्त वाटतात, मला चिडवायलाच म्हणाला असेल. भाडेकरू बसलेल्या, गळक्या, पाच जणांच्या नावावरच्या घरातला वाटा कोण घेणार, तेवढीच किंमत लिहीन मी. मंगळवारी त्या पोरीकडं परत जायचंय. फॉर्म अर्धा भरलाय. सही राहिलीय.

तुझी,
पमी

ता.क. भडंग पाठवू नकोस, पोस्टाचा खर्च बघितलास का. कुणी येणार असेल तर मात्र पाठव, आणि दोन पाकिटं. तलाठ्याला तेव्हा त्या दाखल्याचे किती दिले होतेस गं? मला आठवतंय दोन रुपये.